साडूंची आखाजी

मराठी लग्नात प्रत्येक नातेवाइकाला काहीतरी काम नेमून दिलेले असते. मामा मुलीला मांडवात आणतो, भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, करवली करा धरून मागे उभी राहते, मेहुण्या जोडे लपवून पैसे उकळतात. आत्याबाईंकडे मानपानात काय कमी पडले हे शोधून काढायचे खाते असते आणि ते त्या चोख सांभाळतात. अख्ख्या मांडवात बिनखात्याचा मंत्री एकच. तो पाण्याच्या जारजवळ उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवून घ्या, जेवून घ्या" म्हणत असतो. वरातीत नाचला तर "ह्यांना कुणी बोलावलं होतं पुढे?" आणि नाही नाचला तर "तोंड पाडून उभे होते," अशी दोन्हीकडून त्याची नोंद होते. हा नवरीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे नवरदेवाचा होऊ घातलेला साडू.

साडू हे नाते कुणी मागितलेले नसते. बायको आपण बघून करतो, निदान तसा आपला समज असतो. सासू-सासरे बायकोबरोबर येतात हे आधीपासून माहीत असते. पण साडू म्हणजे सासऱ्याने आपल्याला न विचारता केलेली निवड, किंवा आपल्या आधीच करून ठेवलेली निवड, आणि मग जन्मभर त्या निवडीशी आपली तुलना. दोन माणसांत समान असे काही नाही. एकाचा जन्म केळीच्या बागेत गेला, दुसऱ्याचा फायलींत. पण आखाजीला दोघेही एकाच ओसरीवर, एकाच सासऱ्यासमोर बसणार, आणि सासूबाई आमरस वाढताना कुणाच्या वाटीत आधी वाढतात, याकडे दोघांच्या बायका बारीक नजरेने बघणार.

आपल्या पुराणांना हे पक्के ठाऊक होते. जनकराजा शहाणा. आपल्या दोन आणि भावाच्या दोन अशा चौघी त्याने एकाच मांडवात एकाच घरी दिल्या. जावई चार, पण ते आधीच एकमेकांचे भाऊ, त्यामुळे साडू म्हणून बाहेरचा माणूस आलाच नाही. खान्देशात अजूनही कुणी दोन बहिणी दोन भावांना देतो, तेव्हा जुनी माणसे "बरं केलं" म्हणतात, त्यामागे हाच हिशेब असतो. (त्या दोघी मग जावा होतात आणि वेगळा अध्याय सुरू होतो, तो इथे नको.) दक्षाने मात्र हा धडा गिरवला नाही. त्याने सत्तावीस मुली एकट्या चंद्राला दिल्या. चंद्राचा जीव रोहिणीवर, म्हणून उरलेल्या सव्वीस जणी एकजुटीने माहेरी गेल्या आणि बापाकडे तक्रार केली. बापाने जावयाला क्षयाचा शाप दिला. पुढे त्याच दक्षाने मोठा यज्ञ घातला, सगळ्या लेकी-जावयांना आमंत्रणे धाडली आणि सती-शंकराला तेवढे वगळले. मानपानावरून मांडव मोडल्याची आपल्याकडची ही सर्वांत जुनी हकीकत असावी. या सगळ्या भानगडीत एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. शाप घेऊन झिजत चाललेल्या चंद्राला आसरा दिला तो शंकराने, आणि शंकर म्हणजे चंद्राचा साडू. साडूला डोक्यावर घेतल्याचे त्रैलोक्यात तेवढे एकच उदाहरण. त्यासाठीही त्याला महादेव व्हावे लागले.

आता खान्देश. इथला भूगोलच मुळी बहिणींचा आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी खान्देश ताब्यात घेतला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणे मांडले आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षे धुळे घरात एकटीच मालकीण होती. 1906 साली वाटणी झाली. पूर्व खान्देश जळगावकडे, पश्चिम खान्देश धुळ्याकडे. जळगावच्या वाट्याला मुंबई-भुसावळची थोरली रेल्वे आणि केळीची जमीन आली. धुळ्याला चाळीसगावहून फुटणारा एक फाटा मिळाला, तोही 1900 सालचा. आजही कुणी हट्टाने धुळ्याहून जळगावला रेल्वेनेच जायचे म्हणाला, तर त्याला आधी चाळीसगावची वारी करावी लागते. 1998 च्या 1 जुलैला नंदुरबारनेही वेगळी चूल मांडली. तेव्हापासून थोरली, मधली, धाकटी अशा तिघी आपापल्या घरी सुखात आहेत आणि तिघींनाही वाटते की बाकीच्या दोघींना जास्त मिळाले. जळगावकर म्हणतो, सोने घ्यावे तर आमच्या सराफ बाजारात. धुळेकर म्हणतो, मान्य, पण घडवलेला दागिना मिरवायला रस्ते कुठे आहेत तुमच्याकडे? हा प्रश्न तो स्वतःच्या घरासमोरच्या खड्ड्यात उभा राहून विचारतो, एवढेच.

मी धुळ्याचा, देवपुरातला. सासुरवाडी चोपडा तालुक्यात, तापी ओलांडली की लागते. थोरली मेहुणी जळगावात दिलेली. तिच्या यजमानांची रावेरकडे केळी आणि जळगावात बंगला. मधली माझ्याकडे. तिच्या पाठचा भाऊ गावी शेती बघतो. आणि सगळ्यांत शेवटची धाकटी, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. काय करते ते तिच्या वडिलांना अजून समजलेले नाही. त्यांनी विचारायचे सोडून दिले आहे आणि गावात "मोठ्या हापिसात आहे" असे सांगतात.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया हे बाहेरच्यांना सांगावे लागते. खान्देशात दिवाळीपेक्षा लेकीबाळींना हिचे अप्रूप जास्त. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो, निदान जायचा. आता तो लोकेशन पाठवतो. दारी लिंबाला झोके बांधतात, घरात गौराई बसते, पितरांची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवतात, आणि चुलीवर पालथ्या खापरावर पुरणपोळी पडते. ही पोळी लाटत नाहीत. हातावर घेऊन, कोपरापर्यंत झुलवत झुलवत मोठी करतात आणि खापरावर टाकतात. आमच्या सासूबाईंची पोळी टाकताना बघितली की थोरली म्हणते, "मला येते आईसारखी." मग मधली म्हणते, "तुझी मध्ये फाटते." इथून आखाजी सुरू झाली असे समजावे.

याच दिवशी गावच्या सालदाराचे साल संपते. वर्षाचा हिशेब होतो, उचल वळती होते, जमले तर तोच पुढच्या सालाला राहतो, नाही तर दुसरीकडे जातो. मोकळा व्यवहार. जावयाचे साल मात्र कधी संपत नाही आणि त्याचा हिशेबही त्याच्यासमोर होत नाही, तो आतल्या खोलीत होतो.

गेल्या कित्येक आखाज्यांचा आतल्या खोलीतला हिशेब एकाच बाबीवर अडलेला आहे. ती बाब म्हणजे पाच तोळे. सासरे सरळ माणूस. त्यांनी ठरवले होते की लेकींत भेद करायचा नाही, प्रत्येकीला पाच तोळे. थोरलीचे लग्न 2000 साली झाले तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आतबाहेर. म्हणजे पाच तोळ्यांना बावीसेक हजार लागले. माझे लग्न 2008 चे. तोवर भाव बारा-तेरा हजारांवर गेलेला, त्यामुळे तेच पाच तोळे साठ हजारांच्या वर गेले. झाले! थोरलीचे म्हणणे असे की, बापाने माझ्यावर बावीस हजार खर्चले आणि तुझ्यावर त्याच्या जवळजवळ तिप्पट. मधलीचे म्हणणे असे की, बाई, सोने वजनावर मोजतात, तुझे पाच आणि माझे पाच आज एकाच भावाने विकले जातील, शिवाय तू आठ वर्षे जास्त मिरवलेस त्याचे काय. दोघींचेही गणित बिनचूक आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला मध्ये बसवले तर तोही चहा पिऊन उठून जाईल. त्यात सासूबाईंनी एकदा मध्येच सांगितले की आमच्या वेळचा तोळा 11.66 ग्रॅमचा होता, आताचा सराफ दहालाच तोळा म्हणतो. त्यामुळे त्या दोघींनाही मिळाले ते कमीच मिळाले, असा एक तिसरा पक्ष उभा राहिला.

आणि 2025 साली दहा ग्रॅमने लाख ओलांडला. धाकटीचे लग्न व्हायचे आहे. पाच तोळे म्हणजे पाच लाखांच्या वर. त्या आखाजीला भावाचा चेहरा बघवत नव्हता. धाकटी आपली सहज बोलून गेली, "मला नकोच आहे सोनं. मी घालतच नाही." तिला वाटले आपण घराला मोठा दिलासा दिला. दोघी थोरल्या एका सुरात तिच्यावर तुटून पडल्या. "तुला नको म्हणजे? मग आम्ही काय हावऱ्या होतो?" इतक्या वर्षांत पाच तोळ्यांच्या मुद्द्यावर त्या दोघींचे एकमत झाले ते एवढ्याच वेळी.

हे चालू असताना साडू काय करतात? ते ओसरीवर पत्ते खेळतात. आखाजीला पत्ते खेळणे हा खान्देशात जवळजवळ कुळाचार आहे, पोलीस आणि सासू दोघेही त्या दिवशी जरा कानाडोळा करतात. थोरले साडू, त्यांना सगळे आबा म्हणतात, पत्ते जसे खेळतात तसेच बोलतातही. पाने छातीशी धरून. "काय म्हणता मग? धुळ्यात काय चाललंय?" हा त्यांचा दरवर्षीचा पहिला डाव. यात धुळ्यात काही चालू शकते यावरचा अविश्वास असतो. मी म्हणतो, "चाललंय. केळीचा काय भाव?" हा माझा हुकूम. केळीचा भाव पडलेला असेल तर आबा विषय बदलतात, चढलेला असेल तर तासभर मृगबाग, कांदेबाग आणि पिलबाग यांतला फरक ऐकावा लागतो. म्हणजे भाव पडो की चढो, हरतो मीच.

आमच्यातली खरी स्पर्धा पत्त्यांची नाहीच, ती कूलरची आहे. आखाजी येते एप्रिलअखेर नाही तर मे महिन्यात, भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेल्याची बातमी रोज टीव्हीवर असते, आणि सासुरवाडीला कूलर एक. दुपारची जेवणे झाली, आमरसाने डोळे जड झाले की प्रश्न उभा राहतो: कूलरसमोरची खाट कुणाची? थोरलेपणाच्या मानाने आबांची. पण आबांच्या घरी एसी आहे, त्यांना वर्षभर थंडावा मिळतो, तेव्हा न्यायाने माझी. सासरे हा पेच स्वतः तिथे झोपून सोडवतात. मग आम्ही दोघे साडू बाजेच्या दोन कडांना, कूलरची हवा जिथे संपते नेमके तिथे, एकमेकांकडे पाठ करून पडतो. त्या दुपारी आमच्यात जेवढी समजूत असते तेवढी वर्षात पुन्हा होत नाही.

पण एका आखाजीला कापडावरून बिनसले. निरोपाच्या वेळी जावयाला टॉवेल-टोपी, नारळ आणि शर्टपँटचे कापड द्यायची रीत. सासऱ्यांनी चोपड्याच्या दुकानातून दोन जावयांची दोन पाकिटे आणली. आबांच्या पाकिटात बिस्किटी रंगाचे लिननसारखे कापड, माझ्यात निळ्या चौकड्यांचे टेरिकॉट. पाकिटावरची किमतीची चिठ्ठी फाडलेली होती, पण आबांच्या पाकिटावर डिंकाला तिचा एक कोपरा चिकटून राहिला होता आणि त्यावरचा पहिला आकडा स्पष्ट दिसत होता. मला काही वाटले नाही. खरोखर नाही. चौकडे मला आवडतात. पण धुळ्याच्या वाटेवर, अमळनेर यायच्या आत, बायकोने आपल्या बहिणीला फोन लावला. "बाबांनी दिलं ते दिलं गं, पण तू तरी बोलायचं ना!" त्यावर पलीकडून आलेले उत्तर स्पीकर नसतानाही मला ऐकू आले. "तुले काय कमी शे व?" रागावली की थोरली अहिराणीत जाते. पारोळ्याला फाटा फुटतो तिथवर तू-तू मी-मी झाली आणि धुळ्यात शिरेपर्यंत दोघींचे बोलणे बंद झाले. घरी पोचल्यावर माझ्या आईने विचारले, "तुना साडू काय म्हनस?" मी म्हटले, काही नाही म्हनस.

इथून पुढे साडूचे कर्तव्य सुरू होते, आणि नवऱ्यांनो, हे नीट वाचा. बायकोने बहिणीशी बोलणे टाकले की नवऱ्याने साडूशी बोलणे टाकायचे, हा अलिखित नियम. ती निष्ठेची परीक्षा असते. आबांचा फोन आला की मी तो वाजू द्यायचा. दिवाळीच्या शुभेच्छा कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांना मिळून टाकायच्या, आबांना वेगळ्या नाही. त्यांनी टाकलेल्या केळीच्या घडाच्या फोटोला अंगठा दाखवायचा नाही. मी हे सगळे पाळले. धुळे बसस्थानकावर आबा एकदा मला दिसलेही होते, साक्रीच्या गाडीजवळ. मी पेपरची जाहिरात वाचत उभा राहिलो. जाहिरात कर्णयंत्राची होती.

डिसेंबरात एके दिवशी स्वयंपाकघरातून भाजक्या वांग्याचा वास आला. बघतो तर ओट्यावर ती हिरवट-पांढरी, हातभर लांबीची, बी नसल्यात जमा अशी खास जळगावची भरताची वांगी. ही धुळ्याच्या मंडईत सहज मिळत नाहीत.

"कुठून आली?"

"ताईने पाठवली. एसटीच्या पार्सलने."

"ताईने? अगं, तुमचं बोलणं बंद आहे ना?"

"कधीच सुरू झालं. कानबाईच्या वेळेलाच." बायको बडगीत हिरवी मिरची आणि लसूण ठेचत होती, ती थांबलीसुद्धा नाही. "तुम्ही अजून धरून बसलात की काय? पुरुषांचं हे असंच. एकदा धरलं की सोडतच नाही."

कानबाई म्हणजे श्रावणात, नागपंचमीनंतरचा रविवार. म्हणजे आखाजीच्या भांडणाचा निकाल तीनेक महिन्यांत लागून गेला होता आणि मी त्यानंतरही डिसेंबरपर्यंत त्या निकाली प्रकरणात जप्ती चालवत होतो! आबांना फोन केला. तेही तेच करत होते. त्यांच्याही बायकोने त्यांना कळवलेले नव्हते. बसस्थानकावर त्यांनीही मला पाहिले होते, आणि साक्रीला त्यांचे काहीच काम नव्हते. ते नुसते त्या गाडीच्या आड उभे होते.

बहिणींची भांडणे मिटतात कशी हे मला अजून उमगलेले नाही. माफी कुणी मागत नाही, हे नक्की. एकीला कानबाईच्या रोटाचे काहीतरी विचारायचे असते, दुसरीला मुलीच्या ड्रेसचे माप हवे असते. फोन उचलला जातो आणि मधले तीन महिने जणू नेटवर्क नव्हते असे बोलणे सुरू होते. त्यांचा तीन बहिणींचा एक वेगळा ग्रुप आहे, तो नवऱ्यांना वर्ज्य. त्याचे नाव मी एकदा चुकून वाचले, ते इथे देण्यासारखे नाही. साडूंचा असा ग्रुप नसतो. असता तर त्यात 'सुप्रभात'पलीकडे काही आले नसते.

बहिणाबाई चौधरींचे माहेर असोदे, सासर जळगाव, अंतर हाकेचे. त्यांना तीन भाऊ आणि तीन बहिणी. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली त्यांची गाणी छापून आली आणि माहेरच्या वाटेचे जे काही सांगायचे ते त्यांनी सांगून टाकले. साडूंवर त्यांचे गाणे काही माझ्या वाचनात नाही. बाईंना कुठे थांबायचे ते कळत होते.

विनोद बाजूला ठेवण्याची एक जागा मात्र येते, ती म्हणजे सातबारा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 सालीच दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. मग 2005 साली 9 सप्टेंबरपासून केंद्राचा कायदा आला आणि ती लग्नाची अट गेली. त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा का, यावर कोर्टांत पंधरा वर्षे खल झाला. शेवटी 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकले की तशी गरज नाही, हक्क जन्माचा आहे. कायद्याने एवढी मोठी वाट चालून यायची आणि खान्देशातल्या बहिणीने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून मोकळे व्हायचे, असे घरोघरी चालते. मोबदल्यात काय? एक साडी आणि भावाच्या हातचे जेवण. तापीकाठची बागायत जमीन याहून स्वस्तात कुणी विकली असेल असे वाटत नाही.

आमच्याकडेही तो विषय निघाला. तेव्हा ओसरीवर जी शांतता पसरली तशी पत्त्यांच्या डावातही पसरत नाही. दोन्ही जावई छताकडे बघत होते. "तुमचा विषय आहे, आम्ही काय बोलणार," असे आम्ही दोघेही म्हणालो. दोघांच्याही डोक्यात एकरांचे गुणाकार चालू होते, हे दोघांनाही कळत होते. आबांनी तर मला शेवटी अंगणात बोलावून हळूच विचारले, "तुमच्यात काय ठरलं?" मी म्हटले, "तुमच्यात जे ठरेल ते." आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघे एका पक्षात होतो, आणि तो पक्ष फारसा भूषणावह नव्हता.

बहिणींनी आम्हाला विचारलेच नाही. थोरली म्हणाली, सही करते, पण आईच्या नावावर एक एकर राहील आणि आई असेपर्यंत कुणी तिकडे बघायचे नाही. मधली म्हणाली, विहीर सामाईक राहू दे. मी बायकोला नंतर विचारले, "तुला विहिरीचं पाणी काय करायचंय देवपुरात?" ती म्हणाली, "पाणी नको. पण विहिरीवर जायला वाट लागते ना." सहीचे अजून झालेले नाही. सोडून देण्याचे कारण विचारले तर बायका सांगतात की भावाशी वाकडे झाले तर आखाजीला जायचे कुठे. ज्यांना हे हास्यास्पद वाटते त्यांनी एकदा मे महिन्यात, दुपारी, माहेर नसलेल्या बाईकडे बघावे. तरीही माझे मत विचाराल तर सही करू नये. हे मत मी अंगणात दिलेले नाही, इथे देतो आहे, आणि ते गुणाकार न करता दिलेले आहे.

आता धाकटी. गेल्या आखाजीला तिने कळवले की बरोबर एक मित्र येतो आहे. "मित्र" हा शब्द ऐकून सासूबाईंनी पुरण चाळणीतच सोडले. मित्र रत्नागिरीकडचा, पुण्यात तिच्याच ऑफिसात, शिवाय जात वेगळी. सासरे दोन दिवस काही बोलले नाहीत, फक्त गायीच्या गोठ्यात जास्त वेळ जाऊ लागले. घरात ताण असा की भाऊसुद्धा हळू आवाजात फोनवर बोलू लागला.

आणि त्या मुलाने काय करावे? येताना हापूसची पेटी आणली. खान्देशात, आखाजीला, बाहेरून आंबा!

आबांनी मला डोळ्यांनी खूण केली. त्या क्षणी आमचे जुने हिशेब, लिनन, चौकडे, कूलर, सगळे फिटले. संभाव्य साडूसमोर दोन प्रत्यक्ष साडूंची युती झाली. "हापूस चांगलाच असतो," आबा अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "कापून खायला. रस मात्र गावरान आंब्याचा." मी लगेच पुस्ती जोडली, "धुळ्याकडेही तसंच म्हणतात." जळगाव आणि धुळे यांचे एकमत झाल्याची ही घटना इतिहासाने टिपून ठेवायला हवी होती. पोरगा गप्प राहिला. जेवताना आम्ही त्याला शेवभाजीची तर्री दोनदा वाढायला लावली. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण पठ्ठ्याने ताट पुसून घेतले आणि विचारले, "काकू, शेव कुठली?" सासूबाईंचे तिथेच निम्मे मत फिरले. उरलेले निम्मे त्याने संध्याकाळी फिरवले, कूलरची बंद पडलेली मोटर खोलून. सासऱ्यांनी रात्री हापूसचा रस दोन वाट्या घेतला. बोलले काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र गंमत झाली. कूलरसमोरची खाट सासऱ्यांची, दोन कडा आमच्या दोघांच्या, आणि हा पोरगा चौथा. तो सरळ बाहेर लिंबाखाली, झोक्याच्या दोरीला पाठ टेकून बसला आणि धाकटीशी बोलत राहिला. आत आमच्या दोघांच्या बायका जाग्या होत्या. थोरलीने मधलीला विचारलेले मी ऐकले, "आपण असं कधी बोललो गं ह्यांच्याशी?" मधली काय म्हणाली ते कूलरच्या आवाजात गेले. आबांनी कूस बदलली. मीही बदलली.

लग्न डिसेंबरात धरले आहे. पाच तोळ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. धाकटी म्हणते, त्या पैशांत घराचा हप्ता भरू. दोघी म्हणतात, सोने नाही तर लग्नात आमच्या गळ्यातल्याकडे लोक बघतील. सासरे म्हणतात, भाव उतरेल. ते हे 2000 सालापासून म्हणत आहेत.

तेव्हा खान्देशातल्या समस्त सासऱ्यांना, आणि विशेषतः ज्यांच्या घरी तिसरा जावई येऊ घातला आहे त्यांना, एका मधल्या जावयाची नम्र विनंती. सोने द्या न द्या, जमिनीचे तुम्ही आणि तुमच्या लेकी बसून ठरवा, आम्ही छताकडे बघू. फक्त आखाजीचे कापड घ्याल ते एका दुकानातून, एका ताग्यातून, एकाच रंगाचे घ्या आणि किमतीची चिठ्ठी पूर्ण काढा. आणि येत्या उन्हाळ्याच्या आत दुसरा कूलर आणा. वीजबिलाचे आम्ही साडू आपापसात बघून घेऊ.